बर्फाच्या वखारीचा उंबरा

मी एकेचाळीस वर्षं बर्फ विकला. रत्नागिरीच्या बंदरावर, जेटीला लागून असलेल्या वखारीत. शाळा चौथीपर्यंत, तीही माहेरी, नाटे गावात. हा अंक काढणाऱ्या बाई म्हणाल्या, कामाबद्दल जे वाटतं ते लिहा. काम करताना वाटायला वेळ नव्हता. हात बधिर व्हायचे आणि कंबर दुखायची, एवढंच वाटायचं. तेव्हा काय झालं तेवढं लिहिते.

आधी धंदा समजून घ्या. फॅक्टरीतून बर्फाच्या लाद्या टेम्पोनं यायच्या. एक लादी म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. लोखंडी आकड्यानं ती ओढून आत घ्यायची, एकीवर एक रचायची, मधे आणि वर भाताचं तूस पसरायचं, त्यावर गोणपाट टाकायचं. लाँच समुद्रात जायच्या आधी तिचा तांडेल, म्हणजे लाँचीवरचा मुख्य, आमच्याकडे यायचा. किती दिवस बाहेर राहायचं त्या हिशेबानं लाद्या मागायचा. त्या लाद्या मशिनीत घालून चुरा करायचा आणि डालग्यांनी, म्हणजे मोठ्या टोपल्यांनी, लाँचीवर पोचवायचा. चार दिवसांचा बर्फ घेऊन गेलेली लाँच सात दिवसांनी परत आली तर मासळी थेट खतात जाते.

गिऱ्हाईकं सगळ्या तऱ्हेची. एक म्हातारा तांडेल लाद्या घ्यायच्या आधी प्रत्येक लादीला नाक लावायचा. बर्फाला वास नसतो हे सांगून मी थकले. पुष्कळ वर्षांनी कबूल झाला की वास घेतच नव्हता, नाकाला गार लागतं ते बरं वाटायचं. मयताच्या घरचेही यायचे. मुलगा मुंबईहून निघालेला असायचा, तो येईपर्यंत वडिलांना ठेवायचं असायचं. एकदा एका घरची सून म्हणाली, दोन लाद्या जास्त द्या, धाकटे भावजी कायम उशिरा येतात. तिच्या सासूनं डोळे पुसता पुसता मान हलवली. धाकटे खरंच दुसऱ्या दिवशी दुपारी आले.

मयताच्या घरी मी एक गोष्ट न विसरता सांगायची. लादीखाली फळ्या घाला आणि पाणी काढत राहा. उन्हाला सगळे घाबरतात, पंखा बंद करतात, वर चादरी टाकतात. बर्फाचं खरं वाकडं आहे ते पाण्याशी. वाऱ्यात ठेवलेली लादी दिवस काढते. तीच पाण्यात बसली की खालून जाते, आणि वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून आमच्या वखारीत नियम होता, आधी ठोका, मग वाका. रोज सकाळी पहिल्यांदा आत जाणाऱ्यानं कडेला राहून आकड्याच्या मागच्या बाजूनं खालची लादी ठोकायची. भरीव असेल तर ठण्ण वाजते. पोखरलेली असेल तर बद्द वाजते, जुन्या मडक्यासारखी. बद्द वाजली की तिच्यापुढे कुणी वाकायचं नाही. हा नियम मीच केला होता आणि नव्या माणसाला मीच दमात घेऊन शिकवायची.

माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ होती, शेवंता. आमचे दोघींचे नवरे एकाच लाँचीवर खलाशी. शेवंता कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून. देवधर्म, शकुन-अपशकुन सगळं मानणारी. मी काही मानत नाही. यावरून आमचं रोज जुंपायचं आणि त्यात काम हलकं व्हायचं.

वखारीला मोठा चिऱ्याचा उंबरा होता, गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढा. प्रत्येक डालगं त्यावरून पाय उचलून न्यायला लागायचं. मग मालकानं दोन चाकांची गाडी आणली, आणि ती उंबऱ्यापाशी अडायला लागली. मी मालकाच्या मागे लागले, उंबरा फोडून द्या. मालक का-कू करत होते. शेवंता म्हणाली, उंबऱ्याला हात लावू नये, लक्ष्मी त्याच्यावर बसते. मी म्हटलं, तुझी लक्ष्मी गाडीत बसव, मी ढकलते. मालक हसले आणि त्यांनी गवंड्याला बोलावलं. उंबरा फुटला, गाडी सुळकन आत गेली. मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

आता वखारीची जमीन. पुढची अर्धी जुनी, दाराकडे उतरती, म्हणजे वितळलेलं पाणी दारातून बाहेर जायचं. मागची अर्धी नंतर वाढवलेली. ती करताना गवंड्यानं उतार चुकवला होता, जमीन मागच्या भिंतीकडे खाली जात होती, वीतभर तरी. उंबरा होता तोवर काही बिघडत नव्हतं. आतलं थोडं पाणी मागे साठायचं, ते आम्ही डब्यानं उपसायचो. समुद्राचं पाणी उंबऱ्याबाहेर राहायचं. उंबरा लक्ष्मीसाठी नव्हता, उधाणासाठी होता. हे बांधणाऱ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. मी विचारलं नाही आणि मालकांना आठवलं नाही.

नारळी पौर्णिमा आली. पावसाळ्यातली बंदी संपून सगळ्या लाँची एकदम निघायच्या होत्या, म्हणून वखार आढ्यापर्यंत भरलेली. त्या दिवसांत उधाण मोठं असतं. भरती जेटीच्या पायरीपर्यंत आली आणि तिथून पातळ चादरीसारखी आमच्या दारातून आत आली. फार नाही, पाऊल भिजेल इतकी. ओहोटीला पुढचं पाणी निघून गेलं. मागचं गेलं नाही, कारण तिथे जमीन खोल. पुढच्या भरतीला आणखी आलं. तीन दिवस, दिवसाच्या दोन भरत्या. बर्फाच्या वखारीत जमीन ओली असते, त्यामुळे आम्हाला वेगळं काही दिसलं नाही. वरचं तूस कोरडं, गोणपाट जागच्या जागी. समुद्राचं कोमट खारं पाणी मागच्या रांगांच्या पायाशी बसून राहिलं आणि दर भरतीला ताजं होत राहिलं.

वर आणखी आम्ही विक्री दाराकडून सुरू केलेली. पुढच्या रांगा लाँचींवर गेल्या. मागच्या रांगा त्यांना टेकून उभ्या होत्या, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पहिली आत गेले ती मी. कंबर धरली होती. वाकायचा कंटाळा केला आणि खांद्याच्या उंचीची लादी ठोकली. ठण्ण वाजली. मी शेवंताला म्हटलं, चल, घे. ती खालची लादी ओढायला वाकली.

मागची रांग वरून नाही पडली. पायातून सरकली. खाली तिला पायच उरले नव्हते. एवढ्या लाद्या एकदम पुढे आल्या की आवाज कानात न येता छातीत आला. सगळं थांबलं तेव्हा शेवंता दिसत नव्हती. तूस आणि लाद्या, एवढंच.

बाहेरून तांडेल आणि खलाशी धावले. एकेक लादी ओढायला लागले. मी पण आकडा घेऊन ओढत होते आणि मनात म्हणत होते, ती गेली, मी मारली. तेवढ्यात आतून आवाज आला, अगदी नेहमीचा, चिडलेला.

"वयनी, आता तरी उंबरा बांधून घे गो."

दोन लाद्या भिंतीला आडव्या अडकून तिच्यावर छप्पर झालं होतं. बाकी अंगाला खरचटलं तेवढंच. डावा पाय मात्र सापडला होता. दोन बोटं काढायला लागली. ती आजही त्या पायानं जरा तिरकी चालते.

तिला दवाखान्यात नेल्यावर मी परत वखारीत आले. मागच्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट.

मग सगळे विचारायला लागले, झालं कसं? मी सांगितलं, गवंड्यानं उतार चुकवला. ते खोटं नव्हतं. पण उंबरा कुणी फोडायला लावला आणि लादी कुठे ठोकली, हे मी सांगितलं नाही. मालकांनी महिन्याभरात उंबरा परत बांधला, जमीन सरळ केली. गवंड्याला त्यानंतर बंदरावर कुणी काम दिलं नाही. तो पुढे संगमेश्वरकडे गेला असं ऐकलं. शेवंताला सगळं ठाऊक होतं. तिनं मला घरात हजार टोमणे मारले, बाहेर एक शब्द काढला नाही.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वखार मी कधीच सोडली आणि हे सगळं माझ्याबरोबर गेलं असतं. पण मधे आली माझी नात.

सायली माझ्या मुलाची मुलगी. समुद्राचं शिकली. गेल्या वर्षी तिनं घरी येऊन सांगितलं की तिची निवड झाली आहे, दक्षिण ध्रुवाकडे जायचं, चार महिने. बोट बर्फाच्या कडेला लागणार, हे लोक बर्फावर उतरणार, भोक पाडून खालच्या पाण्यात यंत्र सोडणार. एकुलती एक मुलगी. मुलानं सगळं माझ्यावर टाकलं. म्हणाला, आई हो म्हणाली तर जा. त्याला वाटलं, मी काही हो म्हणणार नाही, आणि नाही म्हणण्याचं पाप त्याच्या डोक्यावरून जाईल.

मी नाही म्हटलं. कारण दिलं नाही.

तिनं रडारड केली नाही, माझ्यावर गेली आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. शेवंता पण होती, तांदूळ निवडत. सायली म्हणाली, तिथे काय बघायला जातोय तेवढं ऐक, मग नाही म्हण. मी म्हटलं, सांग.

ती सांगायला लागली. तिथे जमिनीवर बर्फ आहे, डोंगराएवढा जाड. त्याची पुढची कड समुद्रात तरंगते आणि मागच्या बर्फाला टेकू देते. लोकांना वाटतं तो उन्हानं वितळतो. त्या भागात वरून फार वितळत नाही, तिथे वर कडाक्याची थंडी आहे. समुद्राचं खालचं पाणी गरम होत चाललं आहे आणि ते बर्फाच्या पोटाखाली शिरतं. मी विचारलं, गरम म्हणजे किती? ती म्हणाली, तू हात घातलास तर ओरडशील इतकं थंड, पण बर्फासाठी गरम. हे मला कुणी शिकवायला नको होतं. बर्फाला उकळतं पाणी लागत नाही.

मग तिनं शेवंताचं ताट घेतलं, तांदूळ बाजूला केले आणि ताट तिरकं धरलं. म्हणाली, काही ठिकाणी समुद्राच्या तळाला एक कठडा आहे, बर्फ त्याच्यावर बसलेला आहे. कठड्याच्या आत जमीन वर जात नाही, आणखी खोल जाते. बर्फ एकदा का त्या कठड्यावरून मागे सरकला, तर पाणी आत जातं, आणि जितकं आत जाईल तितकं जास्त बर्फाला लागतं. मग थांबवणं कठीण.

मी तिच्या हातातलं ताट बघत राहिले. शेवंता माझ्याकडे बघत होती. तिनं आपला डावा पाय पुढे करून ताटाशेजारी ठेवला.

तेव्हा मी सायलीला सांगितलं. उंबरा मी फोडायला लावला. मागे खोल आहे हे माहीत असून. ठोकली ती वरची लादी, वाकायचा कंटाळा म्हणून. आणि नाव घेतलं गवंड्याचं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. शेवंता तांदूळ परत ताटात ओढत म्हणाली, "झाला का पोटातला दगड खाली? मना वाटला माझ्या तेराव्याला सांगतेस."

मी तिला म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, बोलून बोटं परत येणार होती काय, आणि भांडायला मग दुसरी जाऊ कुठून आणू.

मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली. एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षं.

सायलीनं मला एकच विचारलं. पाणी समुद्राचं आहे हे कसं कळलं? मी म्हटलं, चाखलं. ती म्हणाली, आमचं यंत्र तेच करतं, आजी. पाणी किती खारट आणि किती गरम. मी पण तिला विचारलं, हा तुमचा समुद्र गरम कुणी केला? ती म्हणाली, वाऱ्यांचाही हात आहे, सगळं अजून कळलेलं नाही, पण मोठा वाटा आपला, माणसांचा, धुराचा. मी म्हटलं, मग तसं सांगा. गवंड्यावर ढकलू नका. आणि रत्नागिरीला काय? तिनं बादलीचं उदाहरण दिलं. बादलीत आधीच तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वर येत नाही, बाहेरची लादी आत सरकली तर येतं. तिथली बाहेरची, म्हणजे जमिनीवरची, लादी आत सरकली, तर सगळ्या जगाच्या जेटीच्या पायऱ्या पाण्याखाली. लगेच नाही, पण येतं. जेवढं कमी तापवू तेवढं ते सावकाश येईल.

तिथे उंबरा परत बांधता येत नाही. ते ऐकल्यावर मी म्हटलं, जा. पण कडेला उभी राहू नकोस, आणि आधी ठोका, मग वाका. खाली ठोक, खांद्याला नाही.

ती गेली. आफ्रिकेपर्यंत विमानानं, पुढे बोटीनं. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मुलगा स्पीकर लावायचा, आम्ही चौघं भोवती. आज वादळ, आज जेवायला राजमा, आज पेंग्विन. शेवंता दर वेळी विचारायची, मोजे सुके आहेत ना?

मग एका रविवारी फोन आला नाही. मुलगा म्हणाला, वादळ असेल. पुढच्या रविवारीही नाही. त्यानं तिच्या ऑफिसला फोन लावला, ते म्हणाले, बोट ठीक आहे, संपर्काचा काही बिघाड आहे. बोट ठीक आहे म्हणजे माणसं बोटीवर आहेत का बर्फावर, हे कुणी सांगेना. सून देवासमोरून उठत नव्हती. मी मानत नाही म्हणून मला ती सोयही नव्हती. मी त्या आठवड्यात फ्रीजमधला बर्फाचा ट्रेसुद्धा काढून ठेवला, दिसायला नको म्हणून. रोज कानात एकच, बद्द. जा म्हणणारी मीच होते.

शेवंतानं मला काही समजावलं नाही. रोज दुपारी तिरकी चालत येऊन माझ्याशेजारी बसायची आणि सुपारी कातरायची.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. सायलीचा पहिला शब्द होता, "आजी, ठोकलं हां."

ती सांगत गेली. वादळात बोटीवरचं फोनचं यंत्र बिघडलं होतं. वादळ निवळल्यावर हे लोक बर्फावर उतरले. त्यांच्यात एक जाणता माणूस असतो, तो सगळ्यांच्या पुढे लांब लोखंडी कांब घेऊन चालतो. दर पावलाला कांब खाली खुपसतो, बर्फ भरीव आहे की पोकळ ते बघतो, आणि त्याच्या पायाचा ठसा सोडून बाकीच्यांनी पाऊल टाकायचं नाही. एका जागी कांब नुसतीच आत गेली. वरून बर्फ पांढराशुभ्र, सपाट. त्यानं सगळ्यांना मागे फिरवलं. यंत्र दुसरीकडून सोडलं. दोन दिवसांनी ती कड तुटून समुद्रात गेली, तेव्हा हे लोक बोटीवर होते आणि बोट लांब होती. सायली म्हणाली, तो माणूस अगदी खाली वाकून ठोकतो, आजी, त्याचीही कंबर दुखते.

फोन ठेवल्यावर सून रडली, मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. मी उठून बर्फाचा ट्रे धुतला, पाणी भरलं आणि परत फ्रीजमध्ये ठेवला.

ती चैत्रात परत आली. रंग काळवंडलेला, नाकाची साल निघालेली. शेवंता भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभीच होती. तिनं सायलीला उंबऱ्याबाहेर थांबवलं, तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घालायला वाकली. सायलीच्या पायात बूट-मोजे. शेवंता म्हणाली, राहू दे, बुटांवरच घालते. मी म्हटलं, नाही, काढ.

तिनं उंबऱ्यावर बसून बूट काढले, मग मोजे. मी कंबरेवर हात ठेवून खाली वाकले आणि डाव्या पायापासून बोटं मोजायला सुरुवात केली. सायली हसायला लागली. शेवंता हसली नाही, तीही माझ्याबरोबर मोजत होती.

दहा होती. मी उंबरा ओलांडून आत गेले आणि चहा ठेवला.